मी फक्त वास येतो म्हणाले

सासरी आल्यापासून मी आपणहून जे पहिलं वाक्य बोलले, ते नेमकं गाडीबद्दल होतं.

त्याआधी मी जे काही बोलले ती सगळी उत्तरं होती. ‘हो’, ‘नको’, ‘पुरे’ आणि ‘नाही हो आई, राग नाही आलेला, माझा चेहराच तसा आहे.’ आमच्या घरात (हेच आता आमचं घर, पण म्हणताना अजून किंचित अडखळायला होतं) सगळे बोलके. सासूबाई कुकरच्या शिट्टीलाही ‘आले गं, आले’ म्हणतात. नणंद, जिला सगळे धाकटी म्हणतात, ती फोनवर बोलते आणि फोन ठेवला की फोनवर काय बोलणं झालं ते बोलते. नवरा टीव्हीतल्या माणसांना सल्ले देतो. सासरे, म्हणजे बाबा, त्यातल्या त्यात कमी बोलणारे. पण हातात पक्कड आली की तेही पकडीशी गप्पा मारतात.

अशा घरात एक माणूस गप्प बसलं की बाकीच्यांना ते आजारपण वाटतं. मी जेवताना गप्प असले की सासूबाई कपाळाला हात लावून ताप बघतात. गॅलरीत गप्प उभी राहिले की नवरा येऊन ‘काय झालं?’ विचारतो, आणि ‘काही नाही’ म्हटलं की त्याला खात्रीच पटते की फार मोठं काहीतरी झालंय.

माझी नोकरी माझ्या स्वभावाला धरून आहे. मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणारी एक लॅब आहे, तिथे दिवसभर मेण, प्लास्टर आणि रबरी साचे यांच्यात माझं काम. कवळ्यांचं एक बरं असतं. त्यांच्याकडे दात असतात, पण त्या बोलत नाहीत.

तर गाडी. गाडी बाबांची. चष्म्याचा नंबर वाढल्यावर त्यांनी चालवणं सोडलं आणि ती अंगणात कव्हर पांघरून बसली. नवऱ्याच्या ऑफिसची बस कोपऱ्यावर येते. धाकटी म्हणायची, ‘त्या डब्यातून उतरताना कोणी बघितलं तर?’ सासूबाईंना गाडीत बसलं की मळमळतं. मग मी घरात आले. पहिल्याच आठवड्यात बाबांनी विचारलं, “गाडी येते का तुला?” मी म्हटलं, “हो.” (उत्तर.) दुसऱ्या दिवशी कव्हर निघालं, गाडी धुतली गेली आणि किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवलेली होती.

त्या किल्लीनं मला काय दिलं ते सांगते. घरापासून लॅबपर्यंतचा रस्ता आणि परतीचा रस्ता. काच वर केली की आत कोणी नाही. कोणी विचारत नाही, गप्प का? अख्ख्या दिवसातला तेवढाच वेळ मला मनसोक्त गप्प बसता यायचं, आणि कपाळाला कोणी हात लावत नव्हतं.

आणि मग त्या गाडीत वास यायला लागला.

जळक्या रबराचा. मला त्यातलं कळतं. लॅबमध्ये कुणाचा रबरी साचा बर्नरला टेकला की हाच वास सुटतो आणि सगळे एकमेकांकडे बघतात. गाडीत एकमेकांकडे बघायला कोणी नव्हतं, म्हणून मी आरशात स्वतःकडे बघितलं. निघाल्यावर काही वास नसायचा; गाडी तापली की यायचा. काही दिवस जोरात, मग कमी होत होत जवळजवळ नाहीसा. हुश्श म्हणावं, तर पुन्हा एके दिवशी ताजा. वासाला जणू पगारी रजा होती.

सांगावं की नाही यावर मी बराच विचार केला. न सांगावं तर बाबांच्या गाडीला काही झालं तर? शेवटी एका संध्याकाळी, सगळे जेवायला बसलेले असताना, मी घसा साफ केला. (सासूबाईंचा हात लगेच माझ्या कपाळाकडे निघाला.)

“गाडीत,” मी म्हणाले, “जळक्या रबराचा वास येतो.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

क्षणभर सगळे थांबले. सून बोलली याचा धक्का ओसरायला तेवढा वेळ लागला. मग एकदम सुरू झाले.

“क्लच!” नवरा म्हणाला. “अगं, तू हाफ क्लचवर चालवत असणार. क्लच-प्लेट जळतेय.”

“मी नाही चालवत हाफ क्लचवर.”

“चालवणाऱ्याला कळत नाही ते. पाय आपोआप जातो.”

“दादा, तू कधीपासून मेकॅनिक?” धाकटी म्हणाली. “मागे मिक्सर उघडलास, तो अजून पिशवीत आहे.”

“मिक्सर वेगळा. त्याला क्लच नसतो.”

“मी परवा गाडीत डबा ठेवायला गेले होते,” सासूबाई म्हणाल्या, “मला तर बाई टोस्टचा वास आला.”

“टोस्टचा?”

“पाव भाजल्यासारखा. खमंग.”

यावर सगळे हसले. मीसुद्धा, बारीकसं. सासूबाईंनी ‘हसा, हसा’ म्हटलं आणि वाढायला लागल्या. बाबा मात्र हसले नाहीत. ते पाण्याच्या भांड्यात बघत म्हणाले, “गाडी उत्तम आहे. जुन्या माणसाला वास असतो, तसा जुन्या गाडीला असतो,” आणि उठून गेले. मला वाटलं, मी त्यांचं मन दुखावलं. त्यांची इतक्या वर्षांची गाडी, आणि काल आलेली पोर नाक मुरडते.

जेवण संपेपर्यंत निकाल लागला होता. किल्ली नवऱ्यानं घेतली. रविवारी मेकॅनिक येईल. क्लच जळलेला निघाला, तर गाडी चालवायला मी नव्यानं शिकायचं, आणि शिकवणार तो स्वतः, रोज सकाळी शेजारी बसून.

नवऱ्याकडून गाडी शिकणं म्हणजे काय, हे जे शिकलेत त्यांना सांगायला नको, आणि जे नाही शिकले त्यांचे संसार टिकोत. नमुन्यादाखल एक धडा दुसऱ्याच दिवशी सकाळी झाला. मी चालवत होते, तो शेजारी, दोन्ही पाय समोर रोवून.

“ब्रेक.”

“ती बाई अजून फुटपाथवर आहे.”

“उतरली तर? क्लच सोड. पूर्ण सोड. आता दाब. अगं आत्ता नाही!”

“तू चालव,” मी म्हणाले. मी उतरून त्याच्या जागी बसले. त्यानं आदर्श पद्धतीनं, पुस्तकात छापावी तशी गाडी चालवली. चौकापर्यंत गेलो आणि वास आला. चांगला सणसणीत.

मी नुसतं त्याच्या पायाकडे बघितलं.

“हं,” तो म्हणाला. “गाडीला तुझी सवय लागलीये.”

त्यानंतर रविवारपर्यंत मी बसनं जात होते आणि घरचे माझ्या मदतीला धावत होते. सासूबाईंनी सीटखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या. धाकटीनं आरशाला स्ट्रॉबेरीच्या आकाराचा सुगंधी पुठ्ठा टांगला. नवऱ्यानं कुठल्याशा व्हिडिओत बघून डॅशबोर्डवर कॉफीची वाटी ठेवली, आणि ‘वासावर लक्ष ठेवायला’ म्हणून गाडीतून एक चक्कर मारून आला. पहिल्याच वळणावर ती वाटी सीटवर सांडली. आता गाडीत बसलं की एखाद्या कपाटात कोंडून कोणीतरी स्ट्रॉबेरी आणि टायर भाजतंय असं वाटायचं. धाकटीला मैत्रिणीकडे सोडतो असं नवरा म्हणाला, तर ती चालत गेली. सासूबाई गाडीच्या बाजूनं जाताना पदर नाकाला लावायच्या. समोरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, “काय हो, काही मेलंय का गाडीत?” बाबा तेवढे रोज संध्याकाळी बॉनेट उघडून, आत डोकं घालून, पुटपुटत काहीतरी करायचे. मी दिसले की पटकन बॉनेट बंद करून म्हणायचे, “पाणी बघत होतो, पाणी.”

रविवारी मेकॅनिक आला. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याचं दुसरं टोक कानाला लावतो, डोळे मिटतो आणि हं, हं करतो. अंगणात आमचं अख्खं घर जमलं. समोरच्या काकू गॅलरीत खुर्ची घेऊन आल्या.

“काय त्रास होतोय?” डॉक्टरनं विचारलं. नवऱ्याला.

“जळक्या रबराचा वास. बायको चालवते,” नवरा म्हणाला. दोन वाक्यांमध्ये त्यानं पुरेशी जागा सोडली नाही.

“असं होय,” डॉक्टर सहानुभूतीनं म्हणाला. “वहिनी क्लचवर पाय ठेवून बसतात?”

“वहिनी इथेच उभी आहे,” धाकटी म्हणाली, “तिला विचारा ना.”

“ती बोलत नाही फारशी,” सासूबाईंनी सांभाळून घेतलं.

“वास कसा येतो?” डॉक्टरनं मला विचारलं. “मला तुम्हीच सांगा. माझं नाक बंद आहे.”

“सर्दी झालीये?” धाकटीनं विचारलं.

“सर्दी कसली, गेल्या वर्षापासून बंदच आहे. पेट्रोल असो की अत्तर, मला सारखंच. आमच्या धंद्यात बरं पडतं ते.”

मी नवऱ्याकडे बघितलं. आठवडाभर माझी किल्ली अडकवून ठेवून यानं वास शोधायला जो माणूस आणला होता, त्याला नाकच नव्हतं. नवरा स्ट्रॉबेरीच्या पुठ्ठ्याकडे बघत होता.

डॉक्टरनं आधी क्लच तपासला. हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीनं एक उचकी दिली आणि बंद पडली.

“बघा, गेलीच!” नवरा म्हणाला.

“गेली नाही, बरोबर बंद पडली. क्लच जळला असता तर इंजिन नुसतं गरगरत राहिलं असतं. क्लच ठणठणीत आहे. वहिनी चांगली चालवतात.”

माझ्या आनंदाचं वर्णन करायला मला बोलकं व्हावं लागेल. मी फक्त पदर... म्हणजे ओढणी नीट केली. धाकटीनं दादाला कोपरानं ढोसलं. सासूबाई म्हणाल्या, “मी म्हणतच होते.” (त्या टोस्ट म्हणत होत्या.)

“मग ब्रेक,” नवरा म्हणाला. माघार घेतानाही त्यानं तोफा चालू ठेवल्या होत्या.

डॉक्टर गाडी घेऊन एक लांब चक्कर मारून आला आणि प्रत्येक चाकाशी हात नेऊन बघितला. सगळी चाकं सारखीच कोमट. म्हणजे ब्रेक कुठेही अडकून घासत नव्हता. बेल्ट बघितला, तो बरा. वायरी बघितल्या, त्याही बऱ्या. प्रत्येक वेळी तो मला म्हणायचा, “वहिनी, जरा इथे,” आणि मी वाकून हुंगायची. पुढून हुंगलं, मागून हुंगलं, गुडघ्यावर बसून चाकापाशी हुंगलं. नवी सून अंगणात गाडीभोवती हुंगत फिरतेय, हे बघायला गल्लीतल्या दोन-चार गॅलऱ्या आणखी भरल्या. समोरच्या काकू कुणाला तरी आत वळून सांगत होत्या, “नाही गं, सून चांगली आहे, थोडी अबोल आहे एवढंच.”

शेवटी डॉक्टर हात पुसत म्हणाला, “काका, आता एकच. गाडी गॅरेजला सोडा. इंजिन खाली उतरवून बघू.”

“किती दिवस?” बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज खोल गेला होता.

“ते इंजिनवर आहे. उतरवलं की एकातून एक निघतं. आणि काका, स्पष्ट सांगू? एवढं करण्यापेक्षा देऊन टाका. जुनी गाडी ती.”

अंगणात एकदम शांतता झाली. आमच्या घरात इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला ती मुळीच आवडली नाही. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला. आपल्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा. मला समोर रोजची बस दिसायला लागली. तिच्यातली गर्दी, आणि घरी आल्यावर कपाळावरचा हात.

“एक मिनिट,” मी म्हणाले. “बॉनेट उघडा.”

माझं दुसरं वाक्य. सगळे मागे सरकले.

गाडी चक्कर मारून आली होती, इंजिन मस्त तापलेलं होतं. मी डोळे मिटले, नाक पुढे केलं आणि डावीकडून उजवीकडे हळूहळू गेले. बॅटरीपाशी काही नाही. बेल्टपाशी धूळ आणि ग्रीस. मागच्या बाजूला मात्र, जिथे तो जाड तापणारा पाइप आहे आणि त्याच्यावर पत्र्याचं झाकण, तिथे माझं नाक थांबलं. डोळे उघडले. पत्र्याच्या कडेला एक काळा, चकचकीत थेंब लोंबत होता. मी डॉक्टरचा स्क्रूड्रायव्हर घेऊन तो टोचला. थेंबाचा धागा निघाला, लांबच लांब, च्युइंगमसारखा.

“रबर,” मी म्हणाले.

“इथे रबर नसतं,” डॉक्टर म्हणाला. “कंपनी इथे रबर लावतच नाही. लावेल कोण? वेडा आहे का कोणी?”

मी आणखी वाकले. पत्र्याच्या पलीकडे, जिथे आच पोचत नव्हती, तिथे एका बोल्टला त्या रबराचं उरलेलं टोक बांधलेलं होतं. सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी. दोन वेढे, एक फास, आणि ओढून सोडवता यावी म्हणून बाहेर ठेवलेली एक शेपटी.

ती गाठ मी ओळखली. ओळखणारच. आमच्या घरात त्या गाठीशिवाय काही उभं राहत नाही. बाबा एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवणं ही त्यांची जन्माची सवय. छत्रीचा दांडा, टीव्हीचा रिमोट, डुगडुगणाऱ्या खुर्चीचा पाय, बादलीची कडी, सगळ्यांना ती पट्टी आणि ती गाठ. माझ्या नवऱ्याच्या चष्म्यालाही लहानपणी होती म्हणे.

मी मान वर केली. डॉक्टर, नवरा, धाकटी, सासूबाई आणि गॅलऱ्या, सगळे माझ्याकडे बघत होते. बाबा हात मागे बांधून उभे होते. आता काय करावं? बोलावं, तर सासऱ्यांना भर अंगणात वेडं ठरवल्यासारखं. न बोलावं, तर गाडी चालली. जन्मभर गप्प राहायचा सराव, आणि पहिल्यांदाच गप्प राहणं जड जात होतं. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“हिला काय होतंय?” सासूबाई म्हणाल्या आणि कपाळाकडे झेपावल्या.

तेवढ्यात बाबाच पुढे आले. चष्मा सरकवून त्यांनी आत बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अरेच्चा! एवढा तुकडा ठेवलान् की त्यानं!”

“कोणी?” नवऱ्यानं विचारलं.

“उंदरानं.”

“कुठल्या उंदरानं?”

“गाडीतल्या.”

सासूबाई एका दमात पायरीवर चढल्या. “गाडीत उंदीर आहे? अहो, आणि तुम्ही सुनेला त्या गाडीतून पाठवत होतात?”

“म्हणूनच तर बोललो नाही! ती घाबरली असती. बिचारी आधीच गप्प.”

“बाबा,” धाकटी म्हणाली, “उंदीर काय करत होता?”

“रबर खायचा,” बाबा म्हणाले, आणि आठवडेच्या आठवडे एकट्यानं वाहिलेलं ओझं त्यांनी अंगणात उतरवलं. “हा पत्रा खडखडायचा. फार खडखडायचा. मी चालवत होतो तेव्हा ठीक होतं, मला सवय. पण नवीन माणूस गाडी चालवणार, त्याच्या कानाशी सारखा खडखडाट कशाला? म्हणून पट्टी बांधली. छान बसली. आवाज बंद. चार दिवसांनी बघतो तर पट्टी गायब! पुन्हा बांधली. पुन्हा गायब! म्हटलं, हा उंदीरच. दुसरं कोण खाणार?”

“बाबा,” नवरा हळूच म्हणाला, “तो पाइप तापतो.”

“तापतो ना. म्हणून तर मी संध्याकाळी बांधायचो, गार झाल्यावर.”

बाबांनी पाइपाकडे बघितलं. लोंबणाऱ्या थेंबाकडे बघितलं. मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

“म्हणजे,” ते म्हणाले, “उंदीर नाहीच?”

“नाही बाबा.”

“तरीच,” ते विचारात पडून म्हणाले. “मी त्याच्यासाठी पाव ठेवत होतो. म्हटलं, भूक असेल, पाव मिळाला तर रबर सोडेल. पण पावाला तोंड लावायचा नाही आणि पट्टी मात्र फस्त. मला वाटायचं, उंदीर आजारी आहे.”

डॉक्टरनं इंजिनच्या मागच्या सांदीत हात घातला आणि एक चौकोनी, कडक, सोनेरी पाव बाहेर काढला. दोन्ही बाजूंनी अगदी एकसारखा भाजलेला.

“टोस्ट!” सासूबाई पायरीवरून ओरडल्या. “मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलं नव्हतं? हसत होतात ना सगळे?”

मग जो हशा उसळला, तो थांबेना. धाकटी गाडीच्या टपावर डोकं टेकून हसत होती. नवरा खाली बसला. समोरच्या काकूंना ‘काय झालं, काय झालं’ करता करता आपोआपच हसू फुटलं. नाक नसलेला डॉक्टर तो टोस्ट हुंगत राहिला आणि ‘लागत असेल छान’ म्हणाला. बाबा आधी ओशाळले, मग हळूच हसले, मग चष्मा काढून डोळे पुसण्याइतके हसले. आणि मी? मी मोठ्यानं हसले. सगळे हसायचे थांबून माझ्याकडे बघायला लागले, इतक्या मोठ्यानं. “अगं हिला आवाज आहे!” सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

डॉक्टरनं त्या पत्र्याला लोखंडी पट्टी आणि नट लावून तो पक्का केला. आवाज नाही, वास नाही. किल्ली नवऱ्यानं माझ्या हातात दिली, अंगणात, सर्वांसमोर. “क्लचबद्दल मी जे बोललो...” तो म्हणाला. मी म्हटलं, “काही नाही.” या वेळी मात्र खरंच काही नव्हतं.

काचा उघड्या टाकून, सीट धुऊन, गोळ्या आणि स्ट्रॉबेरी काढून टाकल्यावर संध्याकाळी मी सगळ्यांना फिरायला नेलं. बाबा पुढे बसायला निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, “मी बसते पुढे, बघू मळमळतं का.” नाही मळमळलं. तेव्हा कळलं की इतकी वर्षं त्यांना मागच्या सीटवरून बाबांच्या मानेशिवाय काही दिसलंच नव्हतं. धाकटीनं मागून फोटो काढून मैत्रिणींना पाठवले आणि उत्तरं आली की गाडी ‘क्लासिक’ आहे. नवरा म्हणाला, “काय सुंदर चालते गं ही!” बाबा प्रत्येक खड्ड्यानंतर कान देऊन ऐकत होते आणि दर वेळी म्हणत होते, “बघ, आवाज नाही.” इतकी मजा त्या गाडीत मी एकटी असताना कधी आली नव्हती, हे मला मान्य करायला हवं.

सोमवारी सकाळी आवरून बाहेर आले, तर किल्ली खुंटीवर नव्हती.

“वहिनी, फक्त आजचा दिवस,” धाकटी अंगणातून ओरडली. “कॉलेजचं मॉडेल न्यायचंय, बसमध्ये मोडेल!” मंगळवारी सासूबाईंना बहिणीकडे जायचं होतं, पुढे बसून; बाबांनी चष्मा पुसला आणि ‘मी हळू नेईन’ म्हणाले. बुधवारी नवऱ्यानं ‘पत्रा नीट बसलाय का, जरा लांबच्या रस्त्यावर बघतो’ म्हणून ऑफिसला गाडी नेली आणि गुरुवारीही तो नीटच बसलाय का ते बघत राहिला. मी काय बोलणार? बोलण्याची माझी ख्याती एवढ्यात झालेली नव्हती.

तर आता मी बसनं जाते. त्यातही नशीब म्हणायचं ते असं, की आमच्या थांब्यावर एक बस येते तिच्यात नेहमी खिडकीची जागा मिळते. परवा त्या खिडकीशी बसले आणि नाकाला जाणवलं. कुबट, तेलकट, भिजून वाळलेल्या पायपुसण्यासारखा. आता माझं नाक काही साधंसुधं राहिलेलं नाही. इकडून तिकडून हुंगलं, वास मागच्या सीटखालच्या जुन्या रबरी मॅटचा आहे असं निदान केलं, उठले आणि आपणहून, चारचौघांत, मोठ्यानं कंडक्टरला सांगितलं.

“अहो, या बसमध्ये वास येतो. मॅट तेवढी बदलून घ्या, लगेच जाईल.”

कंडक्टरनं घाबरून आजूबाजूला बघितलं आणि वाकून हळूच म्हणाला,

“ताई, बसा हो गुपचूप. वास येतो म्हणून तर तुम्हाला जागा मिळते.”

मी गुपचूप बसले.